डाव्या अंगाची धार

सायवनच्या त्या पाड्यावर रूपीच्या हातात कोयता दिसला की माणसं जरा लांब सरकत. कुणी हसत नसे, कारण सगळ्यांनी तिची नडगी पाहिली होती. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात कुंपणासाठी करवंदीची जाळी तोडताना तिचा घाव फांदीवरून निसटला होता आणि पातं तिच्याच पायावर बसलं होतं. तेव्हापासून सासूनं, बारकीनं, घरातले कोयते वर आढ्याला खोचून ठेवायला सुरुवात केली. "सून गुणाची हाय, पण हात आंधळा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्यात राग नसे. आभाळ भरून आलंय असं सांगावं, तसं सांगे.

मग रूपीच्या वाट्याला मोळ्या बांधणं आणि वाहणं आलं. नवरा पांड्या तोडायचा, ती गोळा करायची.

रूपी डावरी होती. तलासरीकडच्या तिच्या माहेरी बापानं लहानपणीच डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात ठेवला होता. जेवण, देवापुढं पान ठेवणं, पेरणी, सगळं हळूहळू उजव्या हाताला शिकवलं गेलं. जोर लावायचं काम आलं की मात्र डावाच हात आपोआप पुढे जाई. उजव्या हातानं कोयता मारला तर नेम चुके. डाव्यानं मारला तर नेम बरोबर लागे, पण पातं लाकडात शिरायच्या ऐवजी बाहेर घसरे. असं का होतं ते तिला कधी कळलं नाही. आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं तिनं धरून टाकलं होतं.

२०१६ साली राबाच्या दिवसांत पांड्या ऐनाच्या झाडावरून पडला. भाताची रोपं टाकायची जमीन आधी भाजून घ्यावी लागते. त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाफ्यावर पसरायच्या आणि वाळल्या की पेटवून द्यायच्या, हाच राब. पांड्याच्या फांद्या निम्म्याही छाटून झाल्या नव्हत्या, आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. भाऊबंद आपापल्या राबात गुंतलेले. दवाखान्यातून आल्यावर पांड्या बाजेवर पडून छपराकडे बघत राही.

"मी छाटते," रूपी म्हणाली.

बारकीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पाय विसरलीस काय?"

"नाय विसरले. पण रोपं काय उसनी आणायची?"

थोड्या वेळानं बारकीनंच आढ्यातले दोन्ही कोयते काढून ओटीवर ठेवले.

एक पांड्याचा होता. जाड पाठीचा, टोकाशी पुढं वाकलेला, सगळं वजन तोंडाला. पांड्याच्या हातात तो मनगटाएवढी फांदी एका घावात खाली आणायचा. दुसरा बारकीचा, जुना, घासून घासून निम्मा झालेला. डहाळ्या आणि गवतापुरता चांगला, जाड फांदीवर मात्र नुसताच टकटक करत बसणारा.

तिसरा त्याच आठवड्यात आला. रूपीचा भाऊ मनिष उंबरगावच्या एका कंपनीत कामाला होता. तो मेहुण्याला बघायला आला, तेव्हा काखेत एक लांबडं खोकं घेऊन आला. आत सरळ, लांब, पातळ पात्याचं हत्यार. काळी प्लास्टिकची मूठ, वर जाड कापडाचं म्यान.

"ऑनलाइन मागवलाय, बाय. जंगलात फिरायला जातात ते लोक असलाच घेतात."

पांड्यानं बाजेवरूनच तो उलटासुलटा करून पाहिला. "काकडी कापायला बरा हाय," तो म्हणाला आणि परत दिला.

रूपीनं तिन्ही वापरले. पांड्याचा कोयता डाव्या हातात धरला की घाव फिरे. ती पाय मागं घेऊन, अंग चोरून मारायची, त्यामुळे जोर बसत नसे. बारकीच्या कोयत्याचंही तेच, फक्त तो हलका म्हणून भीती कमी. मनिषचं हत्यार वेलींवरून, गवतावरून, कोवळ्या डहाळ्यांवरून सपकन जाई. जून फांदीवर मात्र ते थडकून उडे आणि मनगटात झिणझिण्या येत. ऐनाच्या एका फांदीला पांड्याचे दोन घाव पुरले असते, तिथं तिला कितीतरी मारावे लागत.

पण ते एकदाही घसरलं नाही. जिथं मारलं, तिथंच बसलं.

ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. एका दुपारी ती तिन्ही पाती मांडीवर घेऊन ओटीवर बसली आणि अंगठा आडवा फिरवून धार चाचपायला लागली. मग उठून बाजेपाशी गेली.

"हे बघ. तुझ्या कोयत्याच्या धारेला उतार एकाच अंगाला हाय. दुसरं अंग सपाट. आयच्या कोयत्याचंही तसंच. मनिषच्या ह्याला दोन्हीकडून उतार."

"कोयता असाच असतो," पांड्या म्हणाला. "सपाट अंग लाकडाकडं राहतं, म्हणून तर शिरतो."

"तुझ्या उजव्या हातात राहतं. माझ्या डाव्या हातात उतार लाकडाकडं येतो."

पांड्यानं चांगला, उजवा हात उचलून हवेत एक घाव मारून बघितला, मग डाव्या हाताची कल्पना करून मान वाकडी केली.

"मग उलट्या धारेचा करून घे," तो म्हणाला.

त्या वर्षीचा राब तिनं पातळ पात्यानंच कसाबसा पुरा केला. मनगटाला रोज रात्री तेल लावावं लागे, पण वाफे भाजले गेले.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली. दर्शन झाल्यावर रूपी लोहारांच्या रांगेत शिरली आणि एकेक कोयता उचलून त्याची धार बघत पुढं सरकू लागली. शेवटी चिमण लोहार वैतागला. तो तलासरीच्या पुढं, गुजरातच्या हद्दीजवळ भट्टी चालवायचा.

"बेन, घेवाचा हाय की नुसता हात लावायचा?"

"सगळे उजव्या हाताचे आहेत. मला डाव्याचा पाहिजे."

चिमणनं हातातली बिडी खाली ठेवली. "असा कोणी मागत नाय."

"मागतील कसे? असा असतो हेच कुणाला ठाऊक नाय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, एक कोयता उचलून डाव्या हातात धरला, मांडवाच्या बांबूवर हलकेच टेकवला आणि हसला. "भट्टीवर ये. बघू."

ती गेली. ट्रकच्या कमानीचा पाटा लाल करून चिमणनं ठोकायला घेतला. रूपी बाजूला बसून सांगत होती. वजन पांड्याच्या कोयत्यासारखं तोंडाला हवं, पण जरा कमी. मूठ मनिषच्या हत्यारासारखी शेवटी फुगीर हवी, म्हणजे घामानं सुटणार नाही. लांबी मधली. चिमण मध्येच वाद घालायचा, मध्येच मान डोलवायचा. पाण्यात बुडवून, घासून, त्यानं डाव्या अंगाला उतार काढला आणि उजवं अंग सपाट ठेवलं. मूठ ठोकून झाल्यावर त्यानं बाभळीचा एक ओंडका पायानं पुढं ढकलला.

रूपीनं सवयीनं पाय मागं घेतला आणि घाव घातला. पातं आत रुतलं. तिथंच राहिलं. हलवून काढावं लागलं. तिनं पुन्हा मारला, मग पाय सरळ ठेवून पुन्हा. ओंडक्याच्या ढलप्या उडायला लागल्या. तिनं पदरानं डोळे पुसले आणि भट्टीचा धूर फार होतोय असं म्हणाली.

पावसाळा सरेपर्यंत पांड्याचा खांदा सांधला. कुडासाठी कारवी तोडायच्या आधी त्यानं सहज म्हणून तिचा कोयता उचलला आणि परसातल्या बांबूवर मारला. पातं सरकून मातीत गेलं. दुसऱ्यांदाही तेच.

बारकी ओटीवरून बघत होती. "आता तुझा हात आंधळा झाला काय रे?"

पांड्यानं पात्याची माती पुसली. "एवढी वर्षं तू तुझ्या हाताला उलट्या असल्या हत्यारानं तोडत होतीस?" त्यानं रूपीला विचारलं.

"तोडत कुठं होते? तोडू कोण देत होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पांड्या सागाचा एक तुकडा कोरत बसला होता. कमरेला बांधून मागं कोयता अडकवायची आकडी त्यानं तिच्यासाठी बनवली, डाव्या हाताला सापडेल अशी कललेली.

गोष्ट पाड्यावर पसरली. एक दिवस शेजारचा म्हातारा सुक्या आला, इकडंतिकडं बघत म्हणाला, "जरा दे बघू." त्यानं कोयता डाव्या हातात घेतला आणि कुंपणाबाहेरची निरगुडी सपासप छाटून टाकली. सगळा जन्म त्यानं उजव्या हातानं काम केलं होतं. तो डावरा आहे, हे त्याच्या मुलांनासुद्धा माहीत नव्हतं. कोयता परत देताना तो चिमणची भट्टी कुठं आहे ते विचारून गेला. मग वरच्या पाड्यावरची शितल आली, तिच्या मागून तिची मावशी. पुढच्या जत्रेत चिमणनं काही कोयते वेगळे टांगले होते. उजव्या हाताच्या माणसानं चुकून नेऊ नयेत म्हणून त्यांच्या मुठींना लाल चिंधी बांधलेली. रूपी दिसताच तो ओरडला, "बेन, तुमचा माल!"

२०१८ पासून रूपी बायकांची टोळी घेऊन बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्यांत झाडोरा काढायच्या कामाला जाऊ लागली. टोळीत डावऱ्या दोघीच होत्या, बाकी उजव्या. तोडताना डाव्या एका बाजूनं आणि उजव्या दुसऱ्या बाजूनं शिरत, म्हणजे कुणाचा हात कुणाला लागत नसे.

राबाच्या दिवसांत मात्र ती घरीच असे. पांड्याचा खांदा आता डोक्याच्या वर नीट जात नव्हता. ऐनावर ती चढायची. तो खाली फांद्या गोळा करायचा, मोळ्या बांधायचा, आणि बांधता बांधता वर बघून सूचना देत राहायचा.

"शेंडा ठेव गं. पालवायला पाहिजे झाड."

"ठेवलाय," वरून आवाज येई, आणि पुढची फांदी पानांसकट त्याच्या बाजूला येऊन पडे.