विसरणारा बोर्ड, न विसरणारा बोर्ड

रोह्याच्या कंपनीत मी लागले तेव्हा पाउच भरणाऱ्या मशीनचा बोर्ड आधीच म्हातारा झाला होता. हा बोर्ड म्हणजे मशीनचं डोकं. एक मोटर प्लास्टिकची फिल्म ओढते, दुसरी गरम जबडा मिटून पाउच सील करते. दोघींनी कधी आणि किती हलायचं, ते बोर्ड सांगतो. लाइट गेली की मोटरी कुठे होत्या तेच आमचा बोर्ड विसरायचा. मग सील भलतीकडे पडायचं आणि फोन मला यायचा. पुन्हा जुळवणी करणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. ही फुशारकी वाटली तर वाटो, खरं आहे. मिठागरात राबणाऱ्या आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली.

रोह्याजवळच वरसे गावात खोली घेऊन एकटी राहते. शेजारी चांगले आहेत, पण आपापली दारं लावून घेणारे. कंपनीत सगळे मॅडम म्हणतात आणि डबा खाताना माझ्या बाजूची खुर्ची मानाने रिकामी ठेवतात. अशात मशीनचा फोन आला की मला बरं वाटायचं.

रविवारी पेणजवळ आमच्या गावी जायचे, तिथेही फोन यायचा. मशीनवरचा ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचा.

"मॅडम, तुमचं लेकरू परत रुसलं."

"काय म्हणतंय?"

"आई पायजे म्हणतंय. आमचं कुठं ऐकतं?"

मी एकेक आकडा सांगायचे, तो पॅनेलवर टाकायचा. मशीन धावू लागली की विचारायचा, जेवलात का, कालवण कसलं होतं. खाडीतला जिताडा मासा म्हटलं की म्हणायचा, "व्हय, आमच्या नशिबी कँटीनची उसळ." आई हातातलं काम थांबवून ऐकायची आणि शेजारणीला सांगायची, "हिच्याबिगर कंपनी चालत नाय गो."

शेवटी बोर्ड बदलायचं ठरलं. तपासायला दोन नवे बोर्ड आले, निवड साहेबांनी माझ्यावर सोपवली. पहिला जुन्याच घराण्यातला. आमचे सगळे प्रोग्राम त्याच्यावर जसेच्या तसे चालणार होते, पण लाइट गेली की तोही विसरणार आणि जुळवणी हातानेच. दुसऱ्यासाठी सगळं नव्याने लिहावं लागणार होतं. मात्र त्याच्या मोटरी वीज नसतानाही आपली जागा लक्षात ठेवत होत्या, आणि काही अडलं तर काय अडलंय ते स्क्रीनवर मराठीत दाखवता येत होतं. म्हणजे कुणीही चालवावा.

वर्कशॉपच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी लावले. मोटरींच्या दांड्यांना लाल टेप चिकटवली, सारखं वजन दिलं, आणि चालता चालता मुद्दाम वीज तोडली. परत दिली तर पहिल्याची टेप थांबली होती तिथेच, कुणीतरी येईल म्हणून. दुसऱ्याची हळूच सरकून नेमक्या जागी आली. पुन्हा तोडली. पुन्हा तेच. एकदा तरी हा चुकावा असं मला वाटत होतं. चुकला नाही.

साहेब चहाचा कप घेऊन आले. "पहिला घे. तुझी गरज तरी राहील," हसत म्हणाले.

"माझी गरज विसरभोळ्या बोर्डावर अवलंबून नाही, साहेब."

ते हसायचे थांबले. दुसराच घ्यावा, आणि का घ्यावा, हे मी लिहून दिलं.

नवा बोर्ड बसला. लाइट जाते, येते, लाइन आपली सुरू होते. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. फोन मात्र बंद झाला.

परवाच्या रविवारी जेवता जेवता मीच ऑपरेटरला फोन लावला.

"बोला मॅडम. काय झालं?"

"काही नाही. मशीन कशी आहे?"

"एकदम मस्त. सकाळी लाइट गेलेली, पण आता काय टेन्शन नाय. काम होतं काय?"

"नाही, सहजच."

मी फोन कानाला लावूनच ठेवला. मागून मशीनचा आवाज येत होता. मशीन कुठेही अडखळत नव्हती.

"बरं मॅडम," तो म्हणाला. "लाइन चालू हाय."

फोन ठेवला तशी आईने विचारलं, "कंपनीचा का गो?"

"व्हय."

"अडलंय काय?"

"नाय. चालू हाय सगळं."

"मग?" आई म्हणाली.

मी ताट उचललं आणि मोरीकडे गेले.