तिसरा थर

आमच्या आळीत बोलवा होती की फ्लॉसीआत्या जेवणाच्या डब्यातून बॉम्बचं सामान घरी आणते. शेजारच्या कृष्णाबाई तर शपथेवर सांगायच्या, "त्यात बॉम्बचं पानी हाय, हात नका लावू." (हा आवाज मला हुबेहूब जमतो, कागदावर काय कळणार!) डब्यात भात आणि सुके बोंबील असायचे. युरेनियम मुंबईच्या प्रयोगशाळेबाहेर कधी आलंच नाही.

आत्या तिथे रसायनांचे नवे रेणू बेतायची. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवतात. आत्याचा रेणू केरोसीनसारख्या तेलात घालून ते आम्लाबरोबर घुसळलं, की तो युरेनियमला धरून वर तेलात आणतो. खाली आम्ल, वर तेल. दोनच थर हवेत. युरेनियमचा भार पेलला नाही तर तेल फाटतं, मध्ये तिसरा थर बसतो, आणि रेणू बाद.

तिचे चार बाद झाले होते. १९८३च्या मेमध्ये प्रयोगशाळेतल्या तिच्या साहेबांनी बजावलं की पाचवा शेवटचा. फसला तर काम बंद, तुम्ही ग्रंथालयात. तिची अकरा वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

चूक तिला आमच्या केळीच्या वाडीत सापडली. आजोबा घडांना टेकू द्यायच्या काठ्या रचत होते. सरळ काठ्यांची मोळी झाली, बेचक्यांची काही केल्या होईना. चारही रेणूंच्या शेपट्या, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, आत्याने सरळ ठेवल्या होत्या. त्यांची तेलात मोळी व्हायची, तोच तिसरा थर. पाचव्याला तिने बेचकी शेपट्या दिल्या.

मी पैज लावली, तिसरा थर येणारच. मी जिंकले तर आत्याने साहेबांची नक्कल करायची. हरले तर संध्याकाळची क्रुसाजवळची लदीन, म्हणजे आळीची प्रार्थना, मी सांगायची, कुणाचाही आवाज न काढता.

शुक्रवारी प्रयोगशाळेत तिने काचेचं बूचबंद नरसाळं हलवून स्टँडला लावलं. मध्ये गढूळ पट्टा राहिला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा साहेब. बसू द्या."

तीन मिनिटं. पाच. पट्टा हलेना. सातव्या मिनिटाला त्यातला एक बुडबुडा फुटला, मग दुसरा. नुसता फेस होता. साहेब 'पास' लिहू लागले, तर आत्या म्हणाली, "आता युरेनियम दुप्पट घाला."

साहेब म्हणाले, जमलंय तर कशाला हात घालता?

"नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, भार कमी होता."

पुन्हा घुसळलं, पुन्हा पट्टा. या वेळी तेरा मिनिटं कुणी बसलं नाही. मग दोनच थर.

संध्याकाळी आत्याने चपला काढल्या आणि लदीनीचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझ्याच आवाजात हं."

पहिल्याच ओळीला कृष्णाबाई घशापर्यंत आल्या होत्या. गिळल्या.