लुईझाची काळी तुळस

वटारच्या लुईझाच्या वाडीत केळी पिकायची, पानवेली पिकायच्या आणि दिवसभर लुईझाची बडबड पिकायची. त्या साली तर बडबडीला ऊत आला होता, आणि तोही एका काळ्या तुळशीपायी.

नवरा फ्रान्सिस दमेकरी. थंडी पडली की छाती कुईकुई वाजायची आणि काळ्या तुळशीच्या काढ्याशिवाय त्याच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. हिरवी चालेल? नाव नको! लुईझानं एकदा गुपचूप हिरवी उकळून दिली, तर वाटी नाकाशी नेऊन हा बाबा विचारतो, "लवंगेचा वास कुठं गेला?" जीव जायची वेळ आली तरी नाक शाबूत! लुईझानं कपाळावर हात मारला.

विहिरीशेजारी काळ्या तुळशीची अख्खी ओळ होती. पावसात पाणी तुंबलं, मुळं कुजली आणि एकच म्हातारं झाड उरलं. खाली रोपं उगवली ती सगळी हिरवट. उगवणारच! कुंपणापलीकडे शेजारीण कृष्णाबाईच्या वृंदावनात हिरवी तुळस होती. मधमाश्या दोन्हीकडे बसणार, मग बी अस्सल राहील कसं? आणि या झाडाचं बी बिघडलं, तर पुढल्या थंडीत फ्रान्सिसला द्यायचं काय?

"तुझ्या मंजिऱ्या तेवढ्या खुडून टाक गो," तिनं कृष्णाबाईला विनवलं होतं.

"ऐन कार्तिकात? लग्न लागायचंय तिचं! नख लावू मी तिला?"

घ्या! शेजारणीला तुळशीचं लग्न, नि हिला नवऱ्याच्या श्वासाची काळजी. शेवटी लुईझानं आपलंच झाड झाकायचं ठरवलं. लढाई संपली तरी कापड रेशनवरच होतं, मलमल आणायची कुठून? तिनं पेटीतून आपल्या लग्नातली पांढरी जाळीची ओढणी काढली आणि मधमाशी शिरणार नाही अशी झाडाला बांधली. आतल्या आत पराग पडून बी धरावं म्हणून रोज सकाळी जाळीवरूनच फांद्या हळूच हलवायची.

द्वादशीच्या दिवशी ती केळी घेऊन आगाशीच्या बाजाराला गेली. दिवेलागणीला परतते तो काय, विहिरीपाशी ऊस उभे केलेले, रांगोळी काढलेली, बायका मंगलाष्टकं म्हणतायत आणि कृष्णाबाई सगळ्यांच्या पुढे!

"ये गो लुईझाबाय! किती छान सजवलंस नवरीला, अगदी तुमच्या पद्धतीनं! म्हटलं, आता नुसती उभी कशी ठेवायची? बाळकृष्ण घेऊनच आले."

नवरीचं तोंड उघडायला म्हणून ओढणी ओढली होती. ती उसाच्या पात्यात अडकून उभी फाटली होती. ओट्यावर फ्रान्सिस लग्नाचे चुरमुरे खात, खोकत बसलेला.

"मला वाटलं, तूच बोलावलंस," तो म्हणाला.

लुईझाचा पारा चढला. "अगो, ती नवरी नव्हती! तुझ्या तुळशीपासून बी वाचवत होते मी! हे झाड गेलं तर हा माणूस पुढची थंडी कशी काढील? तुम्हांला काय, अक्षता टाकल्या नि मोकळ्या!"

कृष्णाबाईचा चेहरा खाडकन उतरला. बाळकृष्ण पदराखाली घेऊन ती निघून गेली. बाकीच्या बायकाही पांगल्या.

लुईझा ओढणी शिवायला बसली. टाका घातला की शेजारचं सूत तुटायचं. उजाडलं की मधमाश्या येणार. तिनं सुई टाकली आणि उरलेलं भांडण पुरं करायला तरातरा कुंपणाशी गेली.

पलीकडे कृष्णाबाई वृंदावनापाशी उभी होती. द्वादशीला तुळशीचं पान खुडत नाहीत, रात्री तर हातही लावत नाहीत. आणि ही बाई एकेक मंजिरी मोडत होती.

"अगो, आज द्वादशी ना?" लुईझाच्या तोंडून निघालं.

"ठाऊक आहे मला."

"उद्या परत फुटतील."

"मग उद्या परत मोडीन. तुझं बी पिकेपर्यंत मोडीन." तिनं डोळे पुसले. "देवी कोपली तर माझ्यावर कोपेल. तू जा, फ्रान्सिस खोकतोय."

लुईझा गेली नाही. कुंपण ओलांडून ती आत शिरली आणि मंजिऱ्या जमिनीवर पडू नयेत म्हणून तिनं खाली आपला पदर धरला.