हळदीच्या पेवात कोरलेलं नाव

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी टपालानं पाठवलं, आणि टपालानं गेलेलं परत घेता येत नाही.

लढाईची शेवटची वर्षं मी ब्रह्मदेशात काढली. आमचं गाव वडूजकडचं, कोरडवाहू. तिथं एक घर सोडून दुसऱ्या घरात फौजेत गेलेला माणूस असायचाच. फौजेतून आलेली पत्रं शाळेचे मास्तर पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यामुळं पत्र आईला लिहिलं तरी ऐकायचं सगळं गाव. आमच्या शेजारच्या पोराला शौर्याचं मेडल मिळालं. गावानं त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली. मग आईनं मास्तरांकडून मला लिहून कळवलं, "तुला काय मिळालं ते लिही."

मला काय मिळणार होतं? मी खेचरांच्या पलटणीत होतो. खांद्याला बंदूक असायची, पण दिवस जायचा तो खूर साफ करण्यात, पाठीवरच्या जखमांना औषध लावण्यात आणि जनावरांना पाणी दाखवण्यात. हे पारावर वाचलं जाणार आणि ऐकणारे मिशीत हसणार, या विचारानंच माझे कान तापले. मी लिहून टाकलं, "मलाही मेडल मिळालं आहे. येताना घेऊन येतो."

पुढं लढाई संपली, आम्हाला घरी सोडलं. गाडीत बसलो खरा, पण कोरेगावला उतरायचं ते उतरलोच नाही, थेट सांगली गाठली. तिथून घरी कळवलं, की मेडल मागाहून येणार आहे, तोवर इथं काम धरलंय. एकाला झाकायला दुसरं. आईचं उत्तर आलं, की देवाशेजारच्या कोनाड्यातली रॉकेलची चिमणी तिनं ओसरीवर नेलीय आणि कोनाडा रिकामा करून सारवून ठेवलाय, मेडल त्यात ठेवायचं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

काम मिळालं ते सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात, हळदीच्या पेवांवर. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत घागरीसारखं फुगत गेलेलं. तळाशी उभं राहिलं तर वर तीन पुरुष उंचीची माती. हळद भरून झाली की तोंडावर फरशी बसवायची, वर माती लोटून जमीन सपाट करायची. मग त्यावरून बैलगाड्या जायच्या, पोरं विटीदांडू खेळायची, आणि पायाखाली काय आहे याचा कुणाला पत्ता नसायचा. पेवाचं तोंड नेमकं कुठं आहे हे ठाऊक असायचं ते आमच्या म्होरक्या चाचांना. चिंचेच्या बुंध्यापासून ते पावलं मोजत यायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "हितं खणा."

चाचा साठीच्या पुढचे, हाडकुळे. पेवं खणण्याचं आणि सारवण्याचं काम त्यांच्या बापापासून चालत आलेलं. मला ते 'फौजी' म्हणायचे. त्यांनी चेष्टेनं म्हटलं नव्हतं, तरी पहिले काही दिवस मला ते झोंबायचं.

पहिलं पेव उघडलं ते ऐन लढाईत भरलेलं, तीन वर्षांपूर्वीचं. फरशी काढली, एक दिवस तोंड तसंच मोकळं ठेवलं. मग चाचांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला. आत कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून कंदील विझतोय तोवर कुणी उतरायचं नाही. तिसऱ्या खेपेला तो जळत राहिला आणि चाचा स्वतः पहिले आत गेले. हळद वर येऊ लागली. तीन पावसाळे त्या जमिनीवरून गेले होते, कृष्णेचा पूर जवळ येऊन गेला होता, आणि ती हळद काल पोत्यात भरल्यासारखी पिवळीधमक. तिच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. व्यापाऱ्यानं एक कांडी मोडून पाहिली, मान हलवली आणि भावाचं बोलत निघून गेला. चाचांकडं त्यानं पाहिलंही नाही.

रिकाम्या पेवात मी उतरलो तो जुना उसाचा पाला आणि चटया काढायला. पाला निघाला तशी मागची भिंत उघडी पडली. मी कंदील जवळ धरला आणि तसाच उभा राहिलो. शेण आणि पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर तळहाताचे फराटे, सगळे एकाच दिशेला वळलेले, कुठं जोड नाही की गाठ नाही. वरच्या अंगाला होते तसेच पार तळाशी. भरलेल्या पेवात पाल्यामागं, चटयांमागं, अंधारात, जिथं देवाचाही डोळा पोचला नसता तिथं कुणीतरी इतक्या मायेनं हात फिरवला होता. देवळातही मी कधी इतका गप्प झालो नव्हतो.

पेव पुन्हा भरण्याआधी भिंतीवर नवा लेप द्यायचा होता. चाचांनी मला शिकवलं. हात ओला किती, दाब किती, कुठं थांबायचं. आठ-दहा दिवसांनी तळाकडचा पट्टा त्यांनी मला एकट्याला दिला. मी तो जीव ओतून केला. मलाच खरं वाटेना इतका चांगला उतरला. आणि मग मला अवदसा आठवली. वर कुणी नाही असं पाहून मी खिळ्यानं त्या ओल्या लेपावर माझं नाव कोरलं. वळणदार अक्षरात, खाली रेघ ओढून.

दुसऱ्या दिवशी चाचा लेप तपासायला उतरले. ते कंदील घेत नसत, हातानं पाहत. मी खाली पाला पसरायच्या तयारीत होतो. त्यांचा तळवा भिंतीवरून सरकत आला आणि माझ्या नावावर थांबला.

"हे काय हाय?"

"नाव हाय माझं, चाचा."

चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तळव्याला ते नाव नव्हतंच, नुसती भेग होती. त्यांनी बोट परत एकदा त्या रेघेवरून फिरवलं. "वाचनार कोन? हळद?"

मी हातातला पाला खाली ठेवला.

"ह्यातनं ओल शिरंल, गड्या. पावसुळा झाला की समदी बाजू काळी पडंल." एवढं बोलून ते खाली बसले आणि तो सगळा पट्टा खरवडायला लागले. नुसतं तेवढं बुजवून चालत नाही, नवं-जुनं एकजीव होत नाही. माझे दोन दिवस आणि त्यांचे दोन दिवस पुन्हा त्यातच गेले. शिवी नाही, कपाळाला आठी नाही. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी, लेप देता देता मला राहवलं नाही. "आवं चाचा, तुमाला कवा वाटत न्हाई, कुनाला तरी कळावं म्हनून?"

"काय कळावं?"

"की हे तुमी केलंय."

त्यांचा हात थांबला नाही. "सकाळी भाकरी खाल्लीस?"

"व्हय."

"पोट भरलं?"

"भरलं की."

"हे कुनाला इचारून सांगतुयास, का तुझं तूच?"

मला हसू आलं. ते हसले नव्हते. मग मला रागच आला. म्हाताऱ्याला बोलायला काय जातंय, त्याची पत्रं कुठं पारावर वाचतात! पण हात चालू ठेवणं भाग होतं, लेप वाळून चालत नाही. आणि त्या ओल्या मातीवर तळवा फिरवता फिरवता मला एकदम एक मान आठवली. माझ्या ताब्यातल्या चार खेचरांपैकी एक म्हातारी मादी. आमचा तळ डोंगराच्या माथ्यावर आणि पाणी खाली दरीत. चौघांना रोज दोन वेळा उतरवायचं आणि परत चढवायचं. ती म्हातारी इतकी भेदरलेली असायची, की मी मानेवर हात ठेवल्याशिवाय पाण्याला तोंड लावायची नाही. मी हात ठेवून उभा राहायचो, तिचं पोटभर होईतो. वरून बॉम्ब पडायचे तेव्हाही. ते मी कुणाला दाखवायला केलं नव्हतं, बघायला तिथं होतंच कोण? तिनं मान खाली घातली आणि घसा हलायला लागला, की मला फार बरं वाटायचं. ते बरं वाटणं मी तिथंच टाकून आलो होतो आणि नसलेलं मेडल छातीला लावून फिरत होतो. पेवाच्या तळाशी उभा राहून मी वर पाहिलं. तोंडाचा उजेड भाकरीएवढा दिसत होता. मला रडू आलं, आणि चाचांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पेव भरून, फरशी बसवून, माती लोटून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावाकडं निघालो.

पारावर नेहमीची मंडळी होती, मास्तरही होते. कुणीतरी ओरडलं, "आला रं मेडलवाला! काढ की भायेर!" खोटं जिथं वाचलं गेलं होतं तिथंच उभं राहून मी सांगितलं, "मेडल न्हाई. पत्रात लिवलं ते खोटं हुतं." मागून एकजण फस्सकन हसला. पुढं दहा वर्षं त्या गावानं मला 'मेडल' याच नावानं हाक मारली. लग्नाच्या मांडवातसुद्धा.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. आई दारात उभी होती. "समद्या गावात माझी मान खाली घातलीस," एवढंच म्हणाली आणि आत गेली. भाकरी वाढली, पण बोलली नाही. समोर तो कोनाडा सारवलेला, रिकामा. घास गिळताना मला त्याच्याकडं बघवेना.

भांडी घासून झाल्यावर ती समोर येऊन बसली. "मग इतकी वर्सं तितं करत काय हुतास?"

मी सांगितलं. खेचरं, खूर, जखमा, दरीतलं पाणी. ती म्हातारी मादीही सांगितली.

"पानी किती लांब हुतं?"

"कोसभर. उताराचं, मग चढाचं."

"रोज?"

"रोज दोन डाव."

"आन् एकबी कवा तहानंलं ऱ्हायलं न्हाई?"

मी आठवून पाहिलं. खरं बोलायचं म्हणून नीट आठवलं. "न्हाई. एकबी न्हाई."

माझी आई जन्मभर कोसभरावरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत आली होती. उन्हाळ्यात पोरांच्या आधी दावणीच्या बैलाला पाजायची. ती माझ्याकडं बघतच राहिली. तिचे डोळे भरलेले मी त्याआधी एकदाच पाहिले होते, वडील गेले तेव्हा.

"आरं, मग हे लिवायचं हुतंस की रं," ती म्हणाली.

मग उठून तिनं ओसरीवरची चिमणी आणली आणि कोनाड्यात, तिच्या जुन्या जागी ठेवली. मी बादली घेऊन दावणीकडं गेलो. बैल पाणी प्यायला लागला तसा माझा हात आपोआप त्याच्या मानेवर गेला. त्याचं पोट भरेपर्यंत मी तो काढला नाही.