अखंड पाठ आणि अबोला

चनण कौरनं एकदा अबोला धरला की धरला. नवऱ्यानं, बचिंत सिंगानं, तिला न विचारता घरची दुभती म्हैस विकली, तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द नाही. निरोप सगळे सुनेमार्फत. समोर जेवत बसलेल्या माणसाला भाजीत मीठ हवंय का, हे सुनेनं विचारायचं. त्या बिचारीनं हसावं की रडावं? बचिंतही काही कमी नाही. म्हैस माझी होती, हे त्याचं पालुपद. दोघंही पंजाबातल्या मोग्याच्या मातीतले, मागे कोण सरणार!

त्यात गावच्या गुरुद्वाऱ्यात अखंड पाठ बसला. ग्रंथसाहेब, म्हणजेच गुरूमहाराज, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि मध्ये क्षणभरही आवाज थांबता कामा नये. थांबला तर पाठ मोडला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुपारची पाळी बचिंतची. पठ्ठ्यानं बसण्याआधी लोटाभर लस्सी रिचवली. आणि बाजूला चवरी ढाळायला नेमकी चनण कौर.

पाळी संपली तरी पुढचा वाचणारा, लाभ सिंग, येईना. शेजारगावाहून येताना वाटेत त्याची स्कूटर बंद पडली, असा फोन आला. गुरुद्वारा सांभाळणाऱ्या ग्रंथींचा घसा आधीच बसलेला, दुसरं वाचणारं जवळ कुणी नाही. बचिंत वाचत राहिला. मग त्याचा डावा गुडघा हलायला लागला. मागच्या बायका कुजबुजल्या, काय तल्लीन झालाय बघा. चनण कौर तो गुडघा चांगलाच ओळखून होती. लस्सी बोलत होती. आधी तिला मनातून गुदगुल्याच झाल्या, खोटं कशाला सांगा. पण त्याच्या कपाळावर घाम दिसला तशा त्या गुदगुल्या थांबल्या. हा उठला तर पाठ मोडणार, आणि नाही उठला तर या वयात गुरूमहाराजांसमोर अब्रू जाणार.

वाचायला तिला बापानं शिकवलं होतं, पण गावासमोर ती कधी बसली नव्हती. तिनं चवरी मागे बसलेल्या सुनेच्या हातात दिली, हातपाय धुऊन आली आणि नवऱ्याला लागून बसली. नव्या वाचणाऱ्यानं जुन्याच्या आवाजात आवाज मिसळून एक ओळ वाचायची, मग जुन्यानं उठायचं, अशी रीत. तिनं त्याच्याबरोबर ओळ धरली. आवाज आधी कापला, मग नीट लागला.

ओळ संपली. बचिंत उठेना. दुसरी ओळही दोघांनी वाचली, तिसरीही. गुडघा थडथड उडतोय आणि हा बाबा हलायचं नाव घेत नाही! शेवटी तिनं कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यानं माथा टेकला, पाठमोरा न होता अदबीनं दारापर्यंत गेला आणि तिथून जो सुटला तो थेट विहिरीपलीकडच्या संडासात.

लाभ सिंग पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. चनण कौर बाहेर आली तर बचिंत तिचे जोडे पुसून, हातात घेऊन पायरीवर बसलेला. मान वर न करता तो म्हणाला, "दोन ओळी जास्त वाचल्या मी. कुणाच्या लक्षात तर नाही ना आलं?"

सुनेला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"दोघांच्या आलं," ती त्याला म्हणाली. "एक महाराज, एक मी."