आत्या टपरीवर राहिली तेव्हा

परवा एका छोट्या विनोदी सिनेमात भांडखोर कुटुंबाची गाडी निघाली आणि आमची इगतपुरीची सहल आठवली. मी नुकताच जीप चालवायला शिकलो होतो. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नसत; सगळे निरोप आत्यामार्फत.

टपरीवर चहा पिऊन नाशिककडे निघालो. आरशात आत्या दिसली नाही, तरी मी थांबलो नाही. तिच्या "हळू चालव"ने कान किटले होते.

"आक्का, त्याला काच लावायला सांग," बाबा म्हणाले. उत्तर नाही. ते वळून काकांवर ओरडले, "आक्का कुठंय? तुझ्या मागेच होती ना!"

"आणि तू पुढे झोपला होतास?"

दोन वर्षांतलं पहिलं बोलणं! जीप वळवून परत टपरीवर पोहोचेपर्यंत ते चालूच होतं. आत्या खूश झाली. माझी पाठ थोपटत म्हणाली, "लगेच वळलास हो, गुणाचा माझा!"

मी गप्प राहिलो. अजूनही गप्पच आहे.