पुढच्या महिन्यात येणारा कॅमेरा

त्या वर्षी आम्ही तिघं दर रविवारी सकाळी दादरला एका उडप्याकडे भेटायचो आणि बाजारात न आलेल्या एका कॅमेऱ्यावरून भांडायचो. मी लग्नं, बारशी, निरोपसमारंभ यांचे फोटो काढते, घर त्यावरच चालतं. दुसरा माझा लालबागचा मित्र. तोही लग्नांचंच काम करतो, पण कॅमेऱ्यापेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. आणि तिसरे गिरगावातले एक दातांचे डॉक्टर. ते हौस म्हणून शिवडीच्या खाडीवर पक्षी टिपायचे, आणि आमच्या दोघांकडे मिळून नसतील एवढ्या लेन्स त्यांच्या एकट्याच्या कपाटात होत्या.

"दोन मेमरी कार्डं टाकायची सोय देणार. मी लिहून देतो," मित्र म्हणायचा.

"देणार नाहीत," डॉक्टर इडली सांबारात बुडवत शांतपणे म्हणायचे. "यात दोन कार्डं दिली तर त्यांचा वरचा महागडा कॅमेरा घेईल कोण?"

"अहो, जपानमधल्या कोणीतरी फोटो टाकलाय. कडेचं झाकण बघा ना किती रुंद आहे!"

"ते बॅटरीचं झाकण आहे."

मग मित्राच्या मोबाईलवर तो फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला जायचा. कॅमेऱ्याचा तो फोटो इतका हललेला होता की माझ्या एखाद्या गिऱ्हाईकाला मी तसा दिला असता तर त्याने मला परत दारात उभं केलं नसतं. पण आम्ही तिघं त्यावर डोकी घालून बसायचो. सुरुवातीला मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू? एका साखरपुड्यात माझं कार्ड खराब होऊन अर्धा कार्यक्रम गेला होता आणि नवऱ्यामुलीच्या बापाने भर हॉलमध्ये माझी शोभा केली होती. दोन कार्डं म्हणजे एक गेलं तरी दुसऱ्यावर सगळं शाबूत. शिवाय माझा कॅमेरा थकला होता. उजेड कमी असला की लेन्स नुसती कुरकुरत पुढे-मागे व्हायची, फोकस काही पकडायची नाही.

त्याच सुमारास घोडपदेवची आमची चाळ पाडायचं नक्की झालं. माझा जन्म तिथला. लग्नानंतर मी प्रभादेवीला आले, पण माझी आत्या तिथेच राहायची. चाळीतल्या महिला मंडळाची ती पुढारी. दर पौर्णिमेला सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून तळमजल्यावरच्या विहारात वंदनेला बसायच्या, आणि मग गाणी व्हायची. गाणारी आत्या आणि तिच्या शेजारी ढोलकीवर कोपऱ्यातल्या खोलीतली तिची मैत्रीण. आम्ही पोरं तिला ढोलकीवाली मावशीच म्हणायचो. दोघींची ती जोडी माझ्या जन्माआधीपासूनची.

आत्या मला म्हणाली, "बाय, चाळ रिकामी व्हायच्या आत आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ. विहारातच. आणि मोबाईलचा नको हं, मोठा करून भिंतीला लावता येईल असा काढ."

विहारात एक ट्यूबलाइट आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी एक खिडकी. माझ्या कॅमेऱ्याला ते झेपणारं नव्हतं. म्हणून नव्याची वाट न बघता दुकानात होता तो कॅमेरा घेऊन टाकायचं मी ठरवलं आणि रविवारी तसं सांगितलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घर सोडून पळून चाललेय.

"आत्ता? येडी झालीस का?" मित्र म्हणाला. "नवा दसऱ्याला येतोय. आला की हाच तुला स्वस्तात मिळेल."

एरवी त्याचं प्रत्येक वाक्य खोडणारे डॉक्टरही म्हणाले, "एवढ्या एका बाबतीत त्याचं बरोबर आहे. थांबा तुम्ही."

दसरा गेला. मग दिवाळी ठरली. दिवाळीत बातमी आली की आतली कुठलीशी चिप मिळत नाहीये, आता नव्या वर्षात. बातमी म्हणजे तरी काय, तर कोणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर ठोकून दिलेलं, आणि त्यावर मित्राचं आणि डॉक्टरांचं कीर्तन. इकडे चाळीत दर आठवड्याला एका दाराला कुलूप लागत होतं. आत्याचा फोन यायचा.

"बाय, कधी येतेस?"

"आत्ते, नवा कॅमेरा येतोय. आला की लगेच."

"येतोय कुठून गो? चालत येतोय काय?"

एका फोनवर तिने सांगितलं की ढोलकीवाली मावशी मुलाकडे बदलापूरला गेली. टेम्पो आला, सामान चढलं, झालं. मुलाला एकाच दिवसाची सुट्टी होती. आवाजात तिने काही दाखवलं नाही. मी मात्र फोन ठेवल्यावर त्या कॅमेऱ्याच्या कंपनीला मोठमोठ्याने शिव्या घातल्या.

मग पाणी तोडणार असल्याची नोटीस लागली. आत्या म्हणाली, ही पौर्णिमा शेवटची. आता येशील तर ये, नाहीतर राहू दे. मी जुनाच कॅमेरा घेऊन गेले. बायका दुपारीच नेसून तयार बसल्या होत्या. गेलेल्यांपैकी दोघीतिघी मुद्दाम वडाळ्याहून आल्या होत्या. मी त्यांना ओळीत बसवलं, बटण दाबलं. लेन्स कुरकुरली, थांबली, परत कुरकुरली. पुन्हा दाबलं. खटकन आवाज झाला आणि समोर काळोख. शटर अडकलं होतं. बायका माझ्याकडे बघून हसऱ्या चेहऱ्याने तशाच बसून राहिलेल्या, आणि माझ्या हातात तो मेलेला डबा. मला रडूच यायचं बाकी होतं.

मी मित्राला फोन केला. तो लालबागहून स्कूटरवर निघाला आणि खरोखरच बघता बघता पोचला. एक शब्द न विचारता स्वतःचा कॅमेरा त्याने माझ्या गळ्यात घातला. तेवढ्यावर थांबला असता तर जन्मभर उपकार मानले असते. मी बायकांना पुन्हा बसवत होते आणि हा दारात उभा राहून कोणाच्या तरी नवऱ्याला सांगत होता, "आता नवा येतोय ना काका, त्यात असलं काही होणारच नाही. अंधारात पण माणसाच्या डोळ्यावर बरोबर फोकस पकडणार!"

"तोंड बंद कर रे तुझं!" मी इतक्या जोरात ओरडले की बायका दचकल्या, आणि मग हसत सुटल्या. त्या हसण्यातच मी फोटो काढले. फोटो चांगला आला. फक्त मधे आत्याच्या उजव्या हाताला एक जागा मोकळी आहे. बाजूच्या बाईला मी सरकायला सांगितलं होतं, तर आत्याने तिचा हात धरून तिला थांबवलं.

शेवटी कॅमेरा जाहीर झाला. कार्ड एकच. झाकण बॅटरीचंच होतं. डॉक्टरांनी त्या रविवारी स्वतःहून सगळ्यांची कॉफी सांगितली. मित्र मोबाईल काढत म्हणाला, "हरकत नाही. पुढच्या मॉडेलमध्ये देतील. आत्ताच कोणीतरी..."

मी कॉफी तशीच ठेवून उठले आणि थेट दुकानात गेले. तिथे मला आधी हवा असलेला कॅमेरा बंद झाला होता. त्यातलाच काचेत दाखवायला ठेवलेला एक राहिला होता, तो घेतला. तो काही स्वस्त झाला नव्हता.

तो घेऊन मी बदलापूरला गेले. डॉक्टरांनीच सुचवलं होतं की मावशीचा वेगळा फोटो काढा, कॉम्प्युटरवर त्या मोकळ्या जागेत बसवून देतो, कोणाला कळणारसुद्धा नाही. मावशी पांढरी साडी नेसून बसली होती. मी तिला बेत सांगितला. विहारातला फोटो मांडीवर घेऊन तिने एकेका बाईवर बोट ठेवलं, नावं घेतली, आणि म्हणाली, "नको. मी नव्हते तिथं. तुला यायचं होतं तर मी असताना यायचंस."

मी कॅमेऱ्याचं काहीतरी सांगायला लागले. तिला त्यात काही कळत नव्हतं, आणि सांगता सांगता मलाही कळेना मी काय सांगतेय. तिने चहा ठेवला. निघताना तिचा एकटीचा फोटो तेवढा काढू दिला.

विहारातला फोटो मी मोठा करून, फ्रेम करून वडाळ्याला आत्याच्या तात्पुरत्या घरी नेऊन दिला. तिथल्या भिंतीत खिळा ठरत नाही, ठोकला की प्लास्टर गळतं. दोन ठिकाणी मी प्रयत्न केला, दोन भोकं पडली. फोटो सध्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलाय.